पाटावरची सुभद्रा

अकोला,
ता. ८ ऑगस्ट १९३७

चि. गं. भा. सुभद्रा हीस,
शालिकराम दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राच्या आरंभी खुशाली लिहावी हे मीच तुला लहानपणी पाटीवर शिकवलं, तेव्हा तेवढं आधी उरकतो. मी खुशाल आहे. तूही असशील असं धरून चालतो, कारण माझ्या मागच्या दोन पत्रांना उत्तर नाही आणि काही बरंवाईट असतं तर तुझा पुंजाराम नांदगाव पेठेहून धावत आला असता. चांगल्या बातमीला मात्र तुमच्या घरी पाय नसतात.

शाळा सुटल्याला आता पाच महिने होतील. सुटली ती माझी, मुलांची नव्हे. अजून सकाळची घंटा ऐकू आली की हात आपोआप टोपीकडे जातो. तुझी वहिनी असती तर तिने टोपी लपवून ठेवून मजा पाहिली असती. ती गेल्यापासून या दोन खोल्या मला फार मोठ्या होतात. शेजारच्या पार्बताबाई दोन वेळची भाकरी-भाजी करून जातात. बाई सज्जन, पण बोलण्याच्या बाबतीत कंजूष. कधीकधी दिवे लागले की ध्यानात येतं, आज आपण दिवसभर तोंड उघडलंच नाही.

म्हणून एक उद्योग मागे लावून घेतला आहे. इथल्या आम्ही काही रिकामटेकड्या मास्तरांनी वऱ्हाडातले बोलण्यातले शब्द गोळा करायचं ठरवलं. एकाने शेतीची अवजारं घेतली, एकाने सणवार, आणि माझ्या वाट्याला आली शक्ती. म्हणजे जोर, बळ, सत्ता, अधिकार हे सगळं गोत. मी घरी येऊन झपाझप लिहिलं: सामर्थ्य, प्रभुत्व, वर्चस्व. मग लक्षात आलं की यातला एकही शब्द मी आपल्या आईच्या तोंडून कधी ऐकला नाही. यंदा प्रांतात नवं मंत्रिमंडळ आल्यापासून पानाच्या दुकानावर जो तो सत्ता आपल्याच खिशात असल्यासारखा बोलतो. चष्मेवाला म्हणतो की मास्तर, तुमची पावर वाढली. मला तर पूर्वीपेक्षा कमी दिसतं.

तेव्हा तुमच्या मळ्यात, चुलीपाशी, बाजारात बायामाणसं काय म्हणतात ते लिहून पाठव. आळस करू नकोस. आळस केलास तर मी मास्तर आहे हे विसरू नकोस.

तुझ्या पत्राची वाट पाहण्यापलीकडे ज्याला फार काम नाही असा,
शालिकराम


नांदगाव पेठ,
ता. २२ ऑगस्ट १९३७

ती. दादांचे चरणी,
धाकट्या सुभद्रेचा दंडवत. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण गंगूने दौत सांडली. तुम्ही गंगूला पाहिलं तेव्हा ती पाळण्यात होती. पुंजारामची लेक आता सहाव्यात आहे, आणि घरातली शाई, गूळ आणि माझा पदर यांच्यावर तिचाच हक्क चालतो.

तुमचे शब्द घ्या. जोर तापाला असतो, पावसाला असतो, विहिरीच्या झऱ्याला असतो. जमिनीत असतो तो कस; एकाच वाफ्यात सारखी वांगी घेतली की जातो. बैलात असतो तो दम. आणि माणसाची असते वट. माझे दीर किसनराव यांची अमरावतीच्या बाजारात वट आहे, म्हणून आमची भाजी आधी उतरते, आणि दुसऱ्याची कितीही कोवळी असली तरी उन्हात सुकत राहते.

अधिकार वगैरे आम्ही म्हणत नाही. आम्ही विचारतो, घरात चालते कोणाचं. किसनरावांचं चालते. पुंजारामचं त्यांच्या पाठीमागे थोडं चालते. सून शकुन हिचं पुंजारामपाशी चालते. माझं गंगूपाशी चालते, तेही तिला भूक लागलेली नसेल तेव्हा.

हे होते तेव्हा किसनराव आधी ह्यांना विचारत आणि हे मला विचारत. आता हे नाहीत. मला कोणी वाईट वागवतं असं मनात आणू नका. जेवण वेळेवर मिळतं, लुगडं फाटायच्या आधी नवं येतं. पण विचारत कोणी नाही. परवा शेवंतीची रोपं कुठे लावायची यावर ओसरीत बोलणं चाललं होतं. ती रोपं उन्हाळाभर मी जगवलेली. मी मधे बोलले, तर किसनराव म्हणाले की वयनी, तुमी आता आराम करा, तुमाले काहून तरास. इतक्या मायेने म्हणाले की भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही. शेवंती चुकीच्या जागी लागली आहे. मी रोज तिकडे पाहते आणि गप्प बसते.

दुपारी गंगू आणि मी बाजारासाठी झेंडूचे हार ओवतो. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून फुलं खुडते, अर्धी खराब करते, आणि गोष्ट मागते. दादा, मला नावाने हाक मारणारे तुम्हीच उरलात. आजी म्हणून हाक मारणारी ही एक. तेवढ्यावर दिवस जातो.

पार्बताबाईंना म्हणावं भाकरी मऊ करा, तुमचे दात माहेरी सगळ्यांना ठाऊक आहेत.

तुमची माया अशीच पोस्टाने येत राहो,
सुभद्रा


अकोला,
ता. १२ सप्टेंबर १९३७

चि. सुभद्रा हीस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझे शब्द मी मंडळींना वाचून दाखवले. अवजारांचे मास्तर मला म्हणाले की ही बहीण आम्हाला द्या आणि आमचे नांगर तुम्ही घ्या. मी नाही म्हटलं.

मी तुला माझा एक शब्द देतो: धाक. शाळेत माझा धाक होता, आणि मी त्याला आदर समजत होतो. गेल्या आठवड्यात बाजारात चंद्रभान नावाचा जुना विद्यार्थी दिसला. पूर्वी मला पाहून तो गल्ली बदलायचा. आता समोरून आला, राम राम मास्तर म्हणाला आणि पुढे गेला. मला वाटलं होतं, थांबेल, दोन गोष्टी विचारेल. मी थोडा वेळ तिथेच कांद्यांचा भाव पाहत असल्यासारखा उभा राहिलो.

शेवंतीबद्दल वाईट वाटलं. तू एकदा ठणकावून का बोलत नाहीस, असं लिहिणार होतो. पण आपल्या घरच्या बायकांना ठणकावून बोलायला कोणी शिकवलं, हेही आठवलं. मीच तुला फक्त सुंदर अक्षर शिकवलं.

नवरात्र येतं आहे. देवीच्या शक्तीबद्दल बायका आपसांत काय म्हणतात ते कान देऊन ऐक आणि कळव. डोळ्यांत मोतीबिंदू आहे असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा अक्षर मोठं काढ.

गंगूच्या हाताला लागेल अशा जागी दौत न ठेवण्याचा सल्ला देणारा,
शालिकराम


नांदगाव पेठ,
ता. १७ ऑक्टोबर १९३७

ती. दादांचे चरणी,
सुभद्रेचा नमस्कार. वि. वि.

तुम्ही कान देऊन ऐक म्हणालात. मी काय लिहू, दादा, माझ्याच अंगात आलं.

अष्टमीची गोष्ट. त्या सकाळी किसनरावांनी विहिरीकडचा तुकडा वीटभट्टीवाल्याला द्यायचं पक्कं केलं होतं, विहिरीसकट. मला हे शकुनकडून कळलं, तेही ती पुंजारामवर चिडली होती म्हणून. ती विहीर ह्यांनी खणलेली. दगड काढताना ह्यांच्या हाताची कातडी सोलून निघायची आणि मी तूप लावायची. मी दिवसभर काही बोलले नाही. संध्याकाळी घटापुढे आरती सुरू झाली, डफडं वाजत होतं, कापराचा धूर डोळ्यांत गेला, आणि दूध उतू जावं तसं पोटातून काहीतरी वर आलं.

पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी केस सोडले, घुमले, आणि किसनरावांना एकेरीत हाक मारली. किसन्या, माहं पाणी इकतं काय रे, असं विचारलं म्हणतात. जो माणूस कोणापुढे आवाज खाली करत नाही तो माझ्या पायावर पालथा पडला. वीटभट्टीवाल्याला दुसऱ्या दिवशी निरोप गेला, जागा द्यायची नाही.

मी भानावर आले तेव्हा कपाळ ओलं लागलं. हात लावला तर कुंकू. अंगातल्या देवीला, मायबाईला म्हणून कोणी लावलं होतं. हे गेल्यानंतर पहिल्यांदा. शकुनने घाईने पदराने पुसलं, आणि मी पुसू दिलं.

तुम्ही हे मानत नाही हे मला ठाऊक आहे. मीही घुमणाऱ्या बायकांकडे पाहून मनात हसायचे. खरं की खोटं असं विचाराल तर एवढंच सांगते की मी ते केलं नाही, ते झालं. इथे याला शक्ती कोणी म्हणत नाही. वारं आलं म्हणतात, अंगात मायबाई आली म्हणतात. विहीर राहिली. आणि तुमच्यापाशी लपवून काय करू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

रागावू नये, आणि रागावलात तरी पत्र लिहावं,
सुभद्रा


अकोला,
ता. २५ ऑक्टोबर १९३७

चि. सुभद्रा हीस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

मास्तर म्हणून मी काय म्हणेन ते तुला पाठ आहे, म्हणून भाऊ म्हणून लिहितो. इतके दिवस तू जे तोंडातल्या तोंडात गिळलंस ते त्या संध्याकाळी बाहेर पडलं, असं मला वाटतं. विहीर राहिली याचा मला आनंद आहे. ती खणताना तुझे नत्थुजी मला म्हणाले होते की पाणी लागलं तर तुमच्या बहिणीचा पाय वाफ्यात भाजणार नाही.

पण किसनराव सुभद्रेपुढे वाकले नाहीत, हे विसरू नको. ज्या दिवशी तू साध्या आवाजात बोललीस आणि त्यांनी ऐकलं, त्या दिवशी मला तार कर. तोवर हे सगळं लोकांनी तुला वापरायला दिलेलं आहे असं समज.

भाऊबीजेला मी यायला हवं, पण डोळ्यांमुळे प्रवास जमत नाही. यंदा तू ये. बडनेऱ्याला गाडी बदल, स्टेशनावर मी उभा असेन. मला तू कदाचित दिसणार नाहीस, तेव्हा तूच मला ओळख.

ताट वाढून ठेवणारा,
शालिकराम


नांदगाव पेठ,
ता. ५ डिसेंबर १९३७

ती. दादांचे चरणी,
सुभद्रेचा नमस्कार. वि. वि.

भाऊबीजेला येणार होते. गाठोडंसुद्धा बांधलं होतं. पण आता मंगळवारी मंगळवारी लोक येतात, आणि मायबाईला गाव सोडून नेता येत नाही असं किसनरावांचं म्हणणं पडलं. तुम्ही स्टेशनावर उभे राहिला असाल, ते मनातून जात नाही.

माझ्यासाठी देवघरापाशी एक पाट मांडला आहे. मी त्यावर बसते. माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, अंथरूण वेगळं. मंगळवारी बायका नारळ घेऊन येतात आणि विचारतात, मूल कधी होईल, म्हैस कुठे गेली. बहुधा वारं येतं. कधी येत नाही, तेव्हा त्या मुकाट्याने बसून राहतात आणि मला त्यांच्याकडे पाहवत नाही.

घरात आता माझ्या शब्दाशिवाय वाफा उकरला जात नाही. शेवंतीसुद्धा हलवली. मात्र मी काही बोलले की किसनराव हात जोडून आधी विचारतात की हे वयनी बोलून राहिल्या का मायबाई. मायबाई म्हणाली तर लगेच होतं. वयनी म्हणाल्या तर, बरं बरं, तुमी आराम करा.

शकुन पूर्वी ताकावरून माझ्याशी भांडायची. आता मी वरणात मूठभर मीठ टाकलं तरी खाली मान घालून जेवेल. मला त्या भांडणाची इतकी आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

आणि गंगू. शकुनने तिला ताकीद दिली आहे की आंघोळ झाल्याशिवाय शिवायचं नाही, मांडीवर बसायचं नाही, थे आता आजी नोय, मायबाई हाय. पहिले काही दिवस पोर उंबऱ्यापर्यंत यायची आणि पाय घासत परत जायची. मग हात जोडायला शिकली. मी तिला एकदा जवळ ओढलं, तर ती घाबरून शकुनकडे पाहू लागली. त्यानंतर मी ओढलं नाही. हार मी एकटीच ओवते. गोष्ट कोणी मागत नाही.

दादा, तुमच्या शब्दांत पाहा. ज्याचं सगळ्यांवर चालते पण ज्याच्याजवळ कोणी येऊन बसत नाही, त्याला काय म्हणायचं? सापडलं तर कळवा.

तुमची, आणि सध्या बाकी कोणाची नाही,
सुभद्रा


अकोला,
ता. १४ डिसेंबर १९३७

चि. सुभद्रा हीस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

शब्द सापडला नाही. मंडळींना विचारलं, त्यांनी राजा म्हटलं, जमादार म्हटलं, एकाने हेडमास्तर म्हटलं आणि माझ्याकडे पाहून जीभ चावली.

तू पाटावरून उतर. मायबाई गेली म्हणून सांग. येते तशी जातेही, हे गावातही सगळ्यांना ठाऊक असतं. मग कोणी विचारणार नाही हे खरं, पण गंगू मांडीवर येईल. दोन्हीतलं काय हवं ते मी सांगायचं नाही. मी काय निवडलं असतं ते या रिकाम्या खोल्यांत बसून सांगणं फार सोपं आहे.

स्टेशनावर मी संध्याकाळच्या गाडीपर्यंत होतो. त्याचं काही नाही. तिथे निदान गर्दी असते.

लवकर लिही,
शालिकराम


नांदगाव पेठ,
ता. २८ जानेवारी १९३८

ती. दादांचे चरणी,
सुभद्रेचा नमस्कार. वि. वि.

गंगू वाचली, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्हाला धीराने वाचता येईल.

तुमचं पत्र आल्यावर मी ठरवलं होतं की संक्रांत झाली की सांगायचं, मायबाई गेली. संक्रांत होते न होते तोच गंगूचा घसा धरला. रविवारी सकाळी तिची मान सुजली. तोंड उघडायला लावून पाहिलं तर आत पांढरा पापुद्रा. अंजनगावला माझ्या नणंदेचा मुलगा असाच गेला, तेव्हा मी तिथे होते. घटसर्प. मी ओसरीत जाऊन सांगितलं की आत्ताच्या आत्ता छकडा जोडा आणि हिला अमरावतीला दवाखान्यात न्या.

किसनराव उठून उभे राहिले. हात जोडून त्यांनी विचारलं की हे वयनी बोलून राहिल्या का मायबाई. मी म्हटलं, मी सुभद्रा बोलते. तेव्हा ते पुन्हा बसले. परवा मंगळवारच आहे, मायबाई काय सांगते ते पाहू, तोवर अंगारा लावू, असं त्यांनी ठरवलं. पुंजारामनेही मान डोलावली. दादा, त्याच्या लेकीचा श्वास शिटीसारखा वाजत होता, मी त्याच्यासमोर उभी होते, आणि तो माझीच वाट पाहत होता.

मी पाटावर जाऊन बसले. कापूर लावला. मायबाईला खऱ्या मनाने बोलावलं, पदर पसरला. ती आली नाही. मग मी माझ्या हाताने केस सोडले. घुमणं, दात खाणं, आवाज जाड करणं, सगळं मी केलं, ठरवून केलं. किसन्या, गाडी जोड म्हणून ओरडले. थोड्या वेळापूर्वी मी म्हटलं होतं तेच म्हटलं. या वेळी बैल लगेच जुंपले गेले.

डॉक्टरने सुई टोचली आणि तो पुंजारामवर फार रागावला. संध्याकाळपर्यंत थांबला असतास तर पोर हाती लागली नसती, असं म्हणाला. पुंजारामने त्याला सांगितलं की आमाले मायबाईनं धाडलं. मी व्हरांड्यात होते. गंगूजवळ शकुन होती. मला आत नेलं नाही, दवाखान्यात विटाळ असतो म्हणून.

त्या दिवसापासून वारं आलेलं नाही. दर मंगळवारी मी खोटं घुमते. घरात हे कोणाला ठाऊक नाही, आणि सांगताही येत नाही, कारण सांगितलं आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तर माझं कोण ऐकेल?

आता नवीनच निघालं आहे. मायबाईने वाचवली म्हणून गंगू मायबाईची. तिने रोज पाटापाशी बसावं, आल्यागेल्याला अंगारा द्यावा, शाळेत तिला घालायचं नाही. गंगू माझ्याजवळ बसणार म्हणून क्षणभर मला आनंद झाला. मग ती हात जोडून, डोळे खाली घालून कशी बसेल ते डोळ्यांपुढे आलं. सहा वर्षांच्या पोरीला मी माझ्यासारखं बसवायचं नाही.

दादा, तुम्ही तिला ठेवून घ्याल का? होकार आला की येत्या मंगळवारी मायबाई सांगेल, पोरीला अकोल्याला शिकायला धाडा. सुभद्रेने सांगितलं तर हसतील. तुमच्या डोळ्यांनाही एक काठी होईल. ती फार बोलते, हे आधी सांगून ठेवते.

हात जोडून, पण खऱ्याखुऱ्या मनाने,
सुभद्रा


अकोला,
ता. ३ मार्च १९३८

चि. सुभद्रा हीस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

काल दुपारी पुंजाराम गंगूला पोचवून गेला. पोर छान आहे. गळ्याची सूज उतरली आहे, आवाज अजून थोडा बसका आहे. निघताना ती रडली नाही, उलट गाडीत बसायची घाई करत होती, याचं पुंजारामला नवल वाटत होतं. जरा वाईटही वाटलं असावं. मलाही नवल वाटलं.

तो गेल्यावर गंगू उठली आणि तिने बाहेरची खोली पाहिली. मग आतली. मग स्वयंपाकाच्या दाराआड, मग परसात, मग पुन्हा आत येऊन माझी खाट उचलायला लागली. मी विचारलं, काय हरवलं. तर म्हणाली, आजी कुठं हाय.

मी सांगितलं की तुझी आजी नांदगावला, तिनेच तर तुझं गाठोडं बांधलं. तिने नाही म्हणून मान हलवली. थे मायबाई होय, म्हणाली. आजी अकोल्याले आली. मी विचारलं, असं तुला कोणी सांगितलं. कोणी सांगितलं नव्हतं, सुभद्रा. तिने आपलं आपण ठरवलं होतं. घरातले सगळे सांगतात की पाटावर बसते ती आजी नाही. मग आजी कुठेतरी गेली असणार. आणि आजी जाऊन जाऊन जाणार कुठे, ज्या भावाला ती पत्र लिहायची त्याच्याकडे. म्हणून ती रडली नाही. ती इतके दिवस इकडे यायची वाट पाहत होती.

मी जन्मभर मुलांना समजावलं. हे मला समजावता आलं नाही. पार्बताबाईंनी, ज्या कधी बोलत नाहीत, तिला जवळ घेऊन सांगितलं की येईल हो आजी. आता ती दारात बसली आहे. रस्त्यावरून लुगड्यातली कोणी गेली की उठून पाहते, आणि परत बसते.

शब्दांचं बाड मी मंडळींना देऊन टाकलं. तू पाठवलेले सगळे त्यात आहेत. आता मला त्यात गोडी राहिली नाही.

तिथे तू काय काय राखून आहेस हे मला समजतं. ते हलकं आहे असं मी म्हणत नाही. तरी ये. मी बोलावतो म्हणून नको.

तुझी वाट पाहणाऱ्या दोघांपैकी थोरला,
शालिकराम


नांदगाव पेठ,
ता. ६ मार्च १९३८

ती. दादांस सुभद्रेचा नमस्कार. वि. वि.

कार्डावर जागा कमी आहे. परवा, मंगळवारी निघते. दुपारच्या गाडीने पोचेन.

किसनरावांना काल ओसरीत सांगितलं, मी गंगूकडे चालले. त्यांनी विचारलं की हे वयनी बोलून राहिल्या का मायबाई. मी म्हटलं, सुभद्रा बोलते, मायबाई गंगूच्या त्या दुखण्यातच गेली, तेव्हापासून सगळी मीच होते. ते म्हणाले की असं कसं सोडून जाता, मंगळवारी लोक येतील. मी म्हटलं, येऊ द्या. शकुन आत जाऊन रडली. पुंजाराम आजपासून माझ्याशी बोलत नाही.

वीटभट्टीवाल्याला पुन्हा निरोप गेला आहे. आता माझं इथे काही चालणार नाही, हे मला कळतं. विहिरीवर जाऊन पाणी पिऊन आले. गोड आहे.

गंगूला म्हणावं, आजी खरंच अकोल्याला येते आहे. स्टेशनावर यायचा हट्ट धरू नको म्हणावं, ऊन लागतं, नुकती दुखण्यातून उठली आहे. ती ऐकणार नाही. तिला घेऊन या.

तुमची,
सुभद्रा